वाचकांचे प्रश्न : तार्किक जाळी आणि जीवसृष्टीवरून सुचलेले संगणन

जनुकांचे नियमन चालू-बंद खटक्यांच्या जाळ्यासारखे मांडायचे आणि ते जाळे हव्या त्या स्थितीत नेता येते का हे पाहायचे, या कामाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहोत. ज्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून पाहिले आणि जे अडले, त्यांच्या प्रश्नांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : तार्किक जाळ्याचे ‘नियंत्रण’ म्हणजे नेमके काय? एखादे छोटे, हाताने सोडवता येईल असे उदाहरण द्याल का?

तार्किक किंवा बूलियन जाळ्यात प्रत्येक नोडची, म्हणजे जाळ्यातल्या एकेका घटकाची (इथे जनुकाची), किंमत ० किंवा १ असते. पुढच्या टप्प्यातली किंमत काही नोडांच्या आताच्या किमतींवरून, ठरलेल्या तर्कनियमाने निघते. स्टुअर्ट कॉफमन यांनी १९६९ साली जनुकांच्या जाळ्यांसाठी ही मांडणी केली. १० नोडांच्या जाळ्याला १,०२४ अवस्था असतात, २० नोडांच्या जाळ्याला १०,४८,५७६. अवस्था मोजक्याच असल्यामुळे जाळे कुठूनही सुरू केले तरी शेवटी एका स्थिर अवस्थेत किंवा एका चक्रात अडकते. त्याला अ‍ॅट्रॅक्टर म्हणतात. काही नोडांवर बाहेरून किंमत लादून जाळ्याला एका अ‍ॅट्रॅक्टरमधून दुसऱ्यात नेणे, म्हणजे नियंत्रण.

दोनच जनुके घेऊ, क आणि ख. दोन्ही एकमेकांना दाबतात : क ची पुढची किंमत ख च्या उलट, ख ची पुढची किंमत क च्या उलट. अवस्था लिहिताना आधी क, मग ख. १० आणि ०१ या दोन अवस्था स्थिर आहेत. दोन्ही नोड एकाच वेळी बदलत असतील तर ०० वरून ११ आणि ११ वरून ०० असे तिसरे, दोन अवस्थांचे चक्रही मिळते.

आता नियंत्रण न जोडा : क ची पुढची किंमत = (ख च्या उलट) किंवा न. जाळे ०१ मध्ये आहे आणि ते १० मध्ये न्यायचे आहे. न एकच टप्पा १ ठेवला तर ०१ वरून ११ होते. मग न काढल्यावर ११ वरून ००, ०० वरून ११, असे जाळे त्या चक्रात अडकते आणि १० कधीच येत नाही. न दोन टप्पे ठेवला तर ०१, ११, १० असा प्रवास होतो आणि न काढल्यावरही १० टिकते. तेव्हा नियंत्रण कोणत्या नोडवर आणि किती टप्पे, ही दोन्ही उत्तराची अंगे आहेत. नवखे अभ्यासक पहिल्याचाच शोध घेतात.

ही जोडी कागदावरचीच नाही. गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी २००० साली एश्चेरिशिया कोलाय जिवाणूत एकमेकांना दाबणाऱ्या दोन जनुकांचा असा खटका बनवून दाखवला. बाहेरून दिलेले रसायन काढून घेतल्यावरही पेशी नव्या स्थितीतच राहिल्या.

प्रश्न : मी पटल-संगणनात, म्हणजे मेंब्रेन कंप्युटिंगमध्ये, तीन जनुकांचे जाळे लिहिले. ख आणि ग दोन्ही क वर अवलंबून आहेत. तीच सुरुवात देऊनही कधी ख चालू होते, कधी ग. दोन्ही एकत्र कधीच होत नाहीत. चूक कुठे आहे?

चूक क च्या खपात आहे. गेऑर्गे पाउन यांनी १९९८ साली मांडलेल्या या मॉडेलमध्ये पटलाच्या, म्हणजे पेशीच्या आवरणासारख्या कप्प्याच्या, आत वस्तूंचा संच असतो आणि नियम वस्तू खाऊन नव्या वस्तू देतात. पेशीतल्या रासायनिक क्रियेवरूनच ही कल्पना आली. तुम्ही बहुधा ‘क१ → ख१’ आणि ‘क१ → ग१’ असे दोन नियम लिहिले असतील (क१ म्हणजे क चालू असल्याची वस्तू). पटलात क१ एकच आहे. तो एका नियमाने खाल्ला की दुसऱ्याला उरत नाही, आणि कोणता नियम आधी खाईल हे मॉडेल मुद्दाम अनिश्चित ठेवते. तार्किक जाळ्यात मात्र किंमत वाचल्याने संपत नाही. वाचणे आणि खाणे यांतला हा फरक नीट लक्षात ठेवला की पटलातल्या निम्म्या चुका होतच नाहीत.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे प्रती काढणे : क ज्या-ज्या नोडांना लागतो तितक्या प्रती आधी बनवायच्या, मग हिशेब करायचा, मग उरलेसुरले झाडून टाकायचे. हे चालते, पण जाळ्याच्या एका टप्प्याला पटलाचे तीन टप्पे लागतात. मग ‘दोन टप्पे नियंत्रण’ म्हणजे पटलात सहा टप्पे, हे विसरले की उत्तर चुकते.

दुसरा उपाय आम्हाला जास्त पटतो. नियमाला अट जोडायची : अमुक वस्तू हजर असताना, किंवा गैरहजर असतानाच, तो लागू होईल. हजर असण्याची अट पुरी करणारी वस्तू खाल्ली जात नाही. वरची दोन जनुकांची जोडी अशी लिहिता येते. प्रत्येक जनुकाच्या दोन वस्तू : क१ म्हणजे चालू, क० म्हणजे बंद. ख चेही तसेच.

क१ → क०, ख१ हजर आणि न१, न२ दोन्ही गैरहजर असताना.
क० → क१, ख० हजर असताना.
क० → क१, न१ किंवा न२ हजर असताना.
ख१ → ख०, क१ हजर असताना.
ख० → ख१, क० हजर असताना.
न२ → न१, आणि न१ नाहीसा होतो.

शेवटच्या ओळीत वेळ मोजणारे घड्याळ आहे. पटलात न२ टाकला की नियंत्रण बरोबर दोन टप्पे चालते आणि आपोआप थांबते. क० ख१ न२ पासून कागदावर चालवून पाहा : पुढे क१ ख१ न१, त्यापुढे क१ ख०. एक टप्पाच हवा असेल तर सुरुवातीला न१ टाका. तीन हवे असतील तर ‘न३ → न२’ हा नियम वाढवा, आणि क च्या अटींतही न३ घालायला विसरू नका.

नियंत्रणाची वस्तू बाहेरच्या पटलात ठेवून आत पाठवत असाल तर ती आत यायला एक टप्पा जातो. सुरुवात स्थिर अवस्थेतून असेल तर त्याने बिघडत नाही. चक्रातून सुरुवात असेल तर तेवढ्यात जाळे चक्राच्या पुढच्या अवस्थेवर गेलेले असते आणि तुमचा हिशेब एका घराने सरकतो. चाचणीसाठी प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट तपासा : क१ आणि क० यांतली नेमकी एकच वस्तू, तीही एकाच प्रतीत आहे ना? ही अट मोडली की तिथेच थांबा. त्यापुढचे सगळे निकाल निरर्थक असतात.

प्रश्न : पटले विभागून अवघड प्रश्न रेषीय वेळात सुटतात असे वाचले. मग नियंत्रणाचा प्रश्नही सुटला असे म्हणायचे का?

कागदावर हो, संगणकावर नाही. पटल दुभंगते तेव्हा एका भागात ‘या टप्प्याला न = १’ आणि दुसऱ्यात ‘न = ०’ असे धरायचे. २० टप्प्यांत १०,४८,५७६ पटले होतात आणि त्यात नियंत्रणाचा प्रत्येक संभाव्य क्रम एकाच वेळी तपासला जातो. टप्पे २०च लागले, पण जागा दुपटी-दुपटीने वाढत गेली. साध्या संगणकावर याची नक्कल करताना ती सगळी पटले स्मृतीत ठेवावी लागतात. टप्पे ३० केले तर पटले १०७ कोटींच्या वर जातात.

प्रश्नच मुळात कठीण आहे. बूलियन जाळ्याचे नियंत्रण सामान्यतः एनपी-कठीण, म्हणजे मोठ्या जाळ्यांसाठी झटपट सोडवण्याची सर्वसाधारण पद्धत माहीत नसलेले, असल्याचे तात्सुया आकुत्सू आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले. त्याच कामातला दिलासा असा की जाळे झाडासारखे, म्हणजे फेरे नसलेले असेल, तर ते बहुपदी वेळात सुटते. म्हणून कोणतेही जैविक मॉडेल हाती घेण्याआधी जाळ्यातले फेरे मोजा. काही जाळ्यांत एक-दोन नोड जखडले, म्हणजे त्यांची किंमत कायम एकच ठेवली, की सगळे फेरे तुटतात आणि उरलेला भाग सोपा होतो.

पटल-संगणनाचा खरा उपयोग आम्हाला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. प्रत्येक जनुकाचा नियम स्वतंत्र राहतो, बाहेरचा हस्तक्षेप वेगळ्या वस्तूच्या रूपात दिसतो, आणि नियंत्रणाची वेळ मॉडेलच्या आतच लिहिता येते. तीच गोष्ट आडव्या-उभ्या मोठ्या सारणीत लिहिली तर पेशीत काय चालले आहे ते वाचणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न : यीस्टच्या पेशीचक्राच्या ११ नोडांच्या जाळ्यावर मी जनुकीय अल्गोरिदम, म्हणजे उत्क्रांतीसारखी पिढ्यांमागून पिढ्या निवड करत उत्तर शोधणारी पद्धत, चालवला. पहिल्याच पिढीत ०.८६ च्या पुढे गुण मिळाले. माझा अल्गोरिदम इतका चांगला आहे का?

तुम्ही २००४ साली फांगटिंग ली आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले जाळे घेतले असेल, तर ०.८६ हे जाळ्याचे स्वतःचेच गुण आहेत. त्याच्या २,०४८ अवस्थांपैकी १,७६४ कोणताही हात न लावता पेशीच्या विसाव्याच्या स्थिर अवस्थेला जाऊन मिळतात, म्हणजे ८६ टक्के. एकूण स्थिर अवस्था सात आहेत. लक्ष्य तेच ठेवून यादृच्छिक सुरुवाती घेतल्या, तर काहीही न करणारे नियंत्रणही ०.८६ मिळवणार. सुरुवात फक्त उरलेल्या २८४ अवस्थांतून करा, किंवा त्याहून चांगले म्हणजे इतर सहा स्थिर अवस्थांतूनच करा. मग शून्य नियंत्रणाचे गुण शून्य येतात आणि पुढचा प्रत्येक गुण कमावलेला असतो.

त्याआधी जाळे बरोबर उतरवले आहे का ते पाहा. सात स्थिर अवस्था आणि १,७६४ हे आकडे येत नसतील तर चूक बहुधा बरोबरीच्या नियमात असते. या जाळ्यात चालू करणारे आणि दाबणारे बाण मोजून बेरीज शून्य आली तर नोड आपली जुनी किंमत ठेवतो. तिथे ० लिहिले की सगळे बदलते. ज्या नोडांना दाबणारा कोणीच नाही, त्यांना आपोआप बंद होण्याचा ऋण बाण स्वतःकडे दिलेला असतो. तोही अनेकांकडून राहून जातो.

आता संकेतनाकडे येऊ. प्रत्येक नोडसाठी तीन चिन्हे ठेवा : ० म्हणजे हात लावायचा नाही, १ म्हणजे चालू जखडायचा, २ म्हणजे बंद जखडायचा. ११ नोडांसाठी हे ३ चा ११वा घात, म्हणजे १,७७,१४७ पर्याय. इतके तर एकेक करून सगळेच तपासता येतात, त्यासाठी उत्क्रांती कशाला? जनुकीय अल्गोरिदमची ओढ असली तरी आधी सगळे पर्याय तपासून खरे उत्तर काढा आणि मग अल्गोरिदम तिथे पोचतो का ते पाहा. २० नोडांवर पर्याय ३,४८,६७,८४,४०१ होतात. तिथून अल्गोरिदमचे काम खरोखर सुरू होते.

साधारण १०० जणांची पिढी, २०० पिढ्या, प्रत्येक नोडला १/नोडसंख्या इतका उत्परिवर्तनाचा दर, तिघांच्या स्पर्धेतून निवड, आणि सर्वोत्तम दोघे जसेच्या तसे पुढे, अशी सुरुवात करा. संकर करताना एका जागी कापून जोडू नका. गुणसूत्रावर शेजारी असलेले नोड जाळ्यात शेजारी असतीलच असे नाही, म्हणून प्रत्येक जागी आई किंवा बाप नाणेफेकीने निवडा. गुण म्हणजे लक्ष्याला पोचलेल्या सुरुवातींचे प्रमाण, वजा प्रत्येक जखडलेल्या नोडला छोटा दंड, समजा ०.०२. दंड मोठा ठेवला तर पिढी काहीच न जखडण्याकडे घसरते.

लक्ष्यापासून किती नोड वेगळे आहेत हे मोजून गुण देण्याचा मोह टाळा. ११ पैकी १० नोड जुळलेली अवस्था दुसऱ्याच अ‍ॅट्रॅक्टरकडे वाहत असू शकते, आणि पिढीच्या पिढी तिथे रुतून बसते.

मोठ्या जाळ्यात सुरुवातींचा नमुना घ्यावाच लागतो. १,००० सुरुवातींवर ०.९० गुण आले तर त्यात साधारण ०.०२ इकडे-तिकडे होऊ शकते. दोन नियंत्रणांत ०.०१ चा फरक असेल तर तो फरकच धरू नका. एका पिढीतल्या सगळ्यांना तोच नमुना द्या, नाहीतर नशीबवान जिंकतात. शेवटी जिंकलेल्याला मात्र अगदी नव्या नमुन्यावर तपासा. नव्या १,००० पैकी एकही फसले नाही तरी ‘कधीच फसत नाही’ असे सिद्ध होत नाही. फसण्याचे प्रमाण फार तर १,००० मागे ३ असावे, इतकेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते.

प्रश्न : माझ्या जाळ्यात ६० नोड आहेत. त्याला कोणती पद्धत योग्य?

किती नोड जखडणे तुम्हाला परवडते, यावर ते ठरते. तीनपर्यंत असतील तर एकूण पर्याय १२० + ७,०८० + २,७३,७६० = २,८०,९६० होतात. हे सगळे तपासा, कोणत्याही जैविक मॉडेलची गरज नाही. चार नोडांना ७८,०२,१६० पर्याय होतात, तेही एका रात्रीत उरकण्यासारखे आहेत. पाचापासून पुढे उत्क्रांती किंवा मुंग्यांच्या वाटेवरून सुचलेल्या पद्धती घ्या. अवस्थांची पूर्ण सारणी मांडणारी अचूक पद्धत ६० ला लागूच पडत नाही. ३० नोडांना प्रत्येक अवस्थेची पुढची अवस्था चार बाइटमध्ये लिहिली तरी ती सारणी चार गिगाबाइटची होते आणि पुढच्या प्रत्येक नोडला दुप्पट होत जाते.

प्रश्न : स्पाइकवर (चेतापेशीच्या क्षणिक ठोक्यावर) चालणाऱ्या चेता-पटल मॉडेलमध्ये तर्कद्वारे बनवली. एकेकटी बरोबर चालतात, जोडली की चुकतात. का?

बहुतेक वेळा दोनच कारणे असतात. इओनेस्कू, पाउन आणि योकोमोरी यांनी २००६ साली मांडलेल्या या मॉडेलमध्ये १ म्हणजे एक स्पाइक आणि ० म्हणजे काहीच नाही. ‘आणि’ द्वारात दोन स्पाइक आले तर एक सोडायचा, एकच आला तर विसरायचा. ‘किंवा’ द्वारात एक आला वा दोन आले तरी एकच सोडायचा. इथे पहिला सापळा आहे : दोन आले असताना नियमाने दोन्ही खाल्ले पाहिजेत. एकच खाल्ला तर दुसरा चेतापेशीत पडून राहतो आणि पुढच्या टप्प्याला कोणी न पाठवलेला १ बाहेर पडतो.

उलट करणाऱ्या द्वाराला ० आल्यावर १ द्यायचा असतो, पण काहीच न येण्यावर चेतापेशी उडत नाही. म्हणून तिला दर टप्प्याला एक स्पाइक देणारी घड्याळपेशी जोडावी लागते : फक्त घड्याळाचा स्पाइक आला तर सोडायचा, घड्याळाचा आणि आवकीचा मिळून दोन आले तर दोन्ही विसरायचे.

दुसरे कारण वाटांच्या लांबीचे. प्रत्येक पेशी एक टप्पा घेते. ‘आणि’ द्वाराकडे एक आवक थेट आणि दुसरी उलट करून येत असेल, तर दुसरी एक टप्पा उशिरा पोचते आणि दोन वेगवेगळ्या क्षणांच्या किमती एकमेकींशी तोलल्या जातात. थेट वाटेवर नुसती आल्या स्पाइकला पुढे ढकलणारी पेशी बसवा. मोठ्या जाळ्यात प्रत्येक नोडच्या नियमाची खोली मोजा, सर्वांत खोल नियमाइतक्या साऱ्या वाटा लांब करा, आणि नियंत्रणाचे स्पाइकही त्याच अंतराने सोडा.

प्रश्न : मिळालेले नियंत्रण सगळे नोड एकाच वेळी बदलताना शंभर टक्के चालते. एकावेळी एकच नोड बदलू दिला की निम्म्या वेळा फसते. कोणत्या निकालावर विश्वास ठेवायचा?

एकेक नोड बदलतानाच्या निकालावर. पेशीतली जनुके एका ठोक्यावर चालत नाहीत. पहिल्या उदाहरणातले ०० आणि ११ चे चक्र तर एका ठोक्यामुळेच जन्मते. एकेक नोड बदलला की ते उरत नाही.

‘निम्म्या वेळा’ हा तुमचा आकडाही त्याच उदाहरणात जसाच्या तसा निघतो. ०१ पासून सुरू करा, न चालू ठेवा, आणि दर टप्प्याला क किंवा ख यांपैकी एक नाणेफेकीने बदला. १० ला पोचायला आधी क ची पाळी आणि त्यानंतर केव्हातरी ख ची पाळी यावी लागते. नियंत्रण ट टप्पे चालले तर एकूण क्रम २ चा टवा घात. त्यांपैकी ज्या क्रमात सगळ्या पाळ्या ख च्याच, असा एक. तिथे जाळे ०१ वरच राहते. आधी सगळे ख आणि मग सगळे क असे ट क्रम, तिथे जाळे ११ वर अडकते, आणि न काढल्यावर निम्म्या वेळा १० ला, निम्म्या वेळा परत ०१ ला जाते. म्हणून फसण्याची शक्यता (१ + ट/२) भागिले २ चा टवा घात. दोन टप्प्यांना ही ५० टक्के, पाच टप्प्यांना सुमारे ११ टक्के, दहा टप्प्यांना ०.६ टक्क्याच्याही आत.

त्यामुळे नोड बदलण्याआधी नियंत्रणाचा काळ वाढवून पाहा. काळ वाढवल्यावर यश १०० टक्क्यांकडे सरकत असेल तर नोडांची निवड बरोबर आहे. ठराविक आकड्यावर, समजा ७० टक्क्यांवर, अडून राहत असेल, तर जखडलेल्या जाळ्याला लक्ष्याखेरीज आणखी एक अ‍ॅट्रॅक्टर आहे आणि नोडच बदलावे लागतील. तपासताना जखडलेल्या प्रत्येक नोडची किंमत लक्ष्यातल्या किमतीशी ताडून घ्या. ती वेगळी असेल तर नियंत्रण चालू असेपर्यंत जाळे लक्ष्यावर थांबूच शकत नाही, आणि ते काढल्यावर कुठे जाईल हे त्या क्षणाच्या अवस्थेवर ठरते.

सरावासाठी फोरे आणि सहकाऱ्यांचे २००६ सालचे सस्तन पेशीचक्राचे १० नोडांचे जाळे घ्या. त्यातले नोड पेशीचक्र चालवणारी प्रथिने आहेत. सगळे नोड एकत्र बदलताना सायक्लिन-डी हा नोड बंद असेल तर ५१२ अवस्था एका स्थिर अवस्थेला मिळतात. तिच्यात आरबी, पी२७ आणि सीडीएच१ हे नोड चालू असतात. सायक्लिन-डी चालू असेल तर उरलेल्या ५१२ अवस्था सात अवस्थांच्या एका चक्रात जातात. तुमच्या प्रोग्रॅममधून हे दोन आकडे आणि ती सातची लांबी आधी काढा. मग तेच जाळे एकेक नोड बदलत चालवा आणि सातच्या त्या चक्राचे काय होते ते पाहा.